साडेसातशे रुपयांचा परवाना

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या 1909 सालच्या शिकार अध्यादेशातले दर रुपयांत लिहिलेले आहेत, आणि हा रुपया आपलाच. पूर्व आफ्रिकेचा किनारा फार आधीपासून मुंबईच्या व्यापाराशी बांधलेला होता. झांझिबारहून निघालेले हस्तिदंत मुंबईला उतरे आणि त्याच्या बांगड्या होत. मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे बांधायला 30,000 हून जास्त मजूर हिंदुस्थानातून नेले गेले होते. तिथे ब्रिटिश अंमल बसल्यावरही व्यवहार रुपयातच चालू राहिला, 15 रुपयांना एक पौंड या भावाने.

तक्ता छोटा आहे. बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याचा वर्षाचा परवाना 750 रुपये, म्हणजे 50 पौंड. तिथे स्थायिक झालेल्याला 150 रुपये. गेंडे दोन, पाणघोडे दोन, अशी प्रत्येक जनावराची संख्या बांधून दिलेली. हत्तीला वेगळा परवाना: पहिल्याचे 150 रुपये, दुसऱ्याचे आणखी 300. सिंह आणि बिबळ्या मात्र मोकळे, कारण कायद्याच्या नजरेत ते उपद्रवी जनावरांत जमा होते. आज ज्या सिंहासाठी भरमसाट पैसे मोजले जातात, तो या तक्त्यात फुकट आहे.

750 रुपये म्हणजे किती? याला त्याच काळातला दुसरा आकडा जोडून पाहावा लागतो. सफारीत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला महिन्याला सुमारे 10 रुपये मिळत, आणि ओझे 60 पौंडांचे, म्हणजे साधारण 27 किलोंचे असे. परवान्याची रक्कम ही अशा हमालाची सव्वासहा वर्षांची कमाई होती. तीही पूर्ण वाचवली तर. शिवाय खड्डे, जाळी, फास आणि विषारी बाण या साऱ्यांवर बंदी होती, आणि त्या मुलखातले लोक पिढ्यान् पिढ्या शिकार करत आले ते नेमके याच साधनांनी. कायद्यात कोणाच्या जातीचा किंवा रंगाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही. 750 हा आकडा आणि मना केलेल्या साधनांची यादी, एवढ्यावर शिकारी कोण आणि चोर कोण हे ठरून गेले. सफारीच्या वाढत्या खर्चाची चर्चा आज चालते तेव्हा हे विसरले जाते की खर्च हा पहिल्यापासून कुंपणाचा भाग होता. तो मोठा असावा, असाच हेतू होता.

हा हेतू कागदावर सापडतोही. 19 मे 1900 रोजी आफ्रिकेत वसाहती असलेल्या युरोपीय सत्तांनी लंडनमध्ये वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा करार केला. परवाने, संरक्षित प्राण्यांच्या याद्या, राखीव क्षेत्रे ही सारी यंत्रणा त्यात सांगितली आहे. करार पुरेशा मान्यतेअभावी अंमलात आलाच नाही, पण वसाहतींनी त्यातला साचा उचलला. 1903 मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातल्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था निघाली. तिच्यात आयुष्यभर शिकार केलेले इतके सरदार-उमराव होते की लोक त्यांना पश्चात्ताप झालेले खाटीक म्हणू लागले. 1906 मध्ये ब्रिटिश सरकारने या विषयावरचा वसाहतींशी झालेला पत्रव्यवहार छापून पार्लमेंटपुढे ठेवला. आपल्याला हवी तेवढी शिकार शिल्लक राहावी म्हणून इतरांची शिकार थांबवायची, असा सूर या कागदांत अनेकदा ऐकू येतो. परवान्याचे पैसे तिजोरीत येत, हेही कोणी लपवलेले नाही.

या तक्त्याचा सगळ्यात प्रसिद्ध ग्राहक 21 एप्रिल 1909 रोजी मोंबासाला उतरला. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरून जेमतेम सात आठवडे झाले होते. त्याच्या सफारीचे कागद इतके शाबूत आहेत की त्यांतून जमाखर्च जवळजवळ पूर्ण मांडता येतो. अध्यक्षपदावर असतानाच, जून 1908 मध्ये, त्याने स्मिथसोनियन संस्थेच्या सचिवाला, चार्ल्स वॉलकॉटला, पत्र लिहिले. आपण खाटकासारखी शिकार करणारे नाही हे त्यात आधी स्पष्ट करून, मारलेले प्राणी संग्रहालयाला देण्याची तयारी त्याने दाखवली. आपला आणि मुलाचा, म्हणजे कर्मिटचा, खर्च आपण करू. सोबतच्या तीन निसर्गशास्त्रज्ञांचा आणि नमुने टिकवण्याचा खर्च संस्थेने करावा, अशी ही वाटणी. संस्थेने सरकारी पैसा न वापरता खासगी वर्गणी काढली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हा देणगीदारांपैकी एक. रूझवेल्टचा वाटा कुठून आला? स्क्रिब्नर्स मासिकाने सफारीवरच्या लेखमालेसाठी त्याला 50,000 डॉलर देऊ केले. छापली जाणारी गोष्ट शिकारीचा खर्च भागवू लागली, ही वाट पुढे अनेकांनी धरली.

सफारीची आखणी करायला लंडनहून आफ्रिकेतला नावाजलेला शिकारी फ्रेडरिक सेलूस आणि एडवर्ड नॉर्थ बक्स्टन यांनी मदत केली. बक्स्टन म्हणजे त्या पश्चात्तापी खाटकांच्या संस्थेचा संस्थापक. नैरोबीतली व्यवस्था न्यूलँड, टार्ल्टन आणि कंपनीकडे होती. कातडी खारवायला चार टन मीठ, दोनशेहून अधिक हमाल, सापळे, तंबू, आणि पुढे मोठा अमेरिकी झेंडा. रूझवेल्टने डुकराच्या कातड्यात बांधलेल्या साठेक पुस्तकांची पेटीही नेली होती. तिचे वजन 60 पौंडांच्या आत बसवले होते, म्हणजे बरोबर एका हमालाचे ओझे. वाचनाची हौस माणसाच्या डोक्याच्या मापाने बेतलेली, हा तपशील मला त्या सगळ्या झेंड्याबिंड्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

या सफारीवरच्या रूझवेल्टच्या पुस्तकाच्या शेवटी एक यादी आहे. तिच्यात दोन रकाने: एक त्याचा, दुसरा कर्मिटचा. बापाने 296 जनावरे मारली, मुलाने 216, एकूण 512. त्यांत 17 सिंह, 11 हत्ती, 20 गेंडे. परवान्याच्या तक्त्यात माणशी दोन गेंडे लिहिलेले आहेत, आणि इथे दोघांत 20. हे कसे जमले, याचे उत्तर थोडे सरकारी सवलतींत आहे, कारण ही मोहीम संग्रहालयाची होती, आणि थोडे नकाशात. 20 पैकी 9 गेंडे पांढऱ्या जातीचे होते, आणि ते लाडो नावाच्या नाईलकाठच्या पट्ट्यात मारले गेले. हा पट्टा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डकडे त्याच्या हयातीपुरता होता. राजा डिसेंबर 1909 मध्ये वारला आणि मुलूख काही महिन्यांत सुदानकडे जायचा होता. मधल्या काळात तिथे परवान्याची नीट व्यवस्था अशी नव्हती. हस्तिदंताचे चोरटे शिकारी तिथे आधीच पोचले होते. माजी अध्यक्षही पोचला.

या यादीलाच जोडून रूझवेल्टने आपली बाजू मांडली आहे: स्वतःसाठी डझनभर नग ठेवले, बाकी सगळे संग्रहालयाला किंवा माणसांच्या अन्नाला लागले. यात तथ्य आहे. स्मिथसोनियनला पोचलेले नमुने, उंदीर, पक्षी, मासे धरून, 11,000 च्या वर होते. लाडोत मारलेल्या पांढऱ्या गेंड्याची ती उत्तरेकडची जात आज केनियातल्या ओल पेजेटा इथे दोन माद्यांपुरती उरली आहे. शेवटचा नर 19 मार्च 2018 रोजी मेला. त्याचा दोष 9 गेंड्यांच्या नावावर टाकणे मात्र हिशेबाला धरून होणार नाही. त्या जातीचा निकाल 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या यादवी युद्धांनी आणि शिंगांच्या चोरट्या व्यापाराने लावला.

रूझवेल्टच्या सफारीनंतरच्या काही वर्षांत आफ्रिकेचा प्राणी विकत आणण्याची एक वहिवाट आपल्याकडेही पडली. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले होते आणि कोल्हापूरसारख्या संस्थानांना चित्त्याकडून काळवीट धरण्याचा खेळ सोडवत नव्हता. मग चित्ते केनियातून जहाजाने येऊ लागले. चित्त्यांचा इतिहास लिहिणारे दिव्यभानुसिंह यांनी कागदपत्रांवरून काढलेला आकडा असा की 1918 ते 1945 या काळात किमान 200 चित्ते आणले गेले. चित्तेवान कोल्हापूरचे, काळवीट माळावरचे, आणि शिकारी जनावर परदेशी.

मोटार आल्यावर सफारीचा जमाखर्च बदलला. हमालांची रांग आखडली, महिने आखडले, आणि गाडीतून बसल्या बसल्या सिंह मारणे शक्य झाले. 1928 मध्ये आणि 1930 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला शिकारीवर नेणारा डेनिस फिंच हॅटन याच काळात लंडनच्या टाइम्समध्ये सेरेंगेटीतल्या या मोटारी कत्तलीविरुद्ध लिहीत होता. श्रीमंतांना शिकारीवर नेण्यावरच त्याचे पोट होते, तरी हे घडले. यात विसंगती काढणे सोपे, पण धंदा टिकायचा तर बंधन हवे हे त्या धंद्यातल्यांनाच आधी कळले. 1934 मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि तिने आपल्या सभासदांवर स्वतःच नियम लादले. त्याच हंगामात अर्नेस्ट हेमिंग्वे तिथे होता. त्याच्या सफारीला बायकोच्या काकांनी, गस फायफरने, 25,000 डॉलर दिले होते. महामंदीच्या ऐन भरात.

आता कुंपणाच्या पलीकडे पाहू. केनियातल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला वाता लोक राहतात. इंग्रजी कागदांत त्यांना वालिआंगुलू म्हटले आहे. त्यांची धनुष्ये इंग्लंडच्या नामांकित लांब धनुष्यांच्या तोडीची, बाणाला एका झाडाचे विष, आणि शिकार हत्तीची. 1956 ते 1958 या काळात त्सावोचे अधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक आणि बिल वुडली यांनी त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम काढली. माणसे पकडली, सुळे जप्त झाले, पुष्कळ जण तुरुंगात गेले. या मोहिमेतल्याच काही अधिकाऱ्यांना नंतर प्रश्न पडला की यांना कायदेशीर हत्ती का मारू देऊ नये. 1960 मध्ये गालाना नदीच्या पट्ट्यात एक योजना सुरू झाली: ठरलेल्या संख्येने हत्ती मारायचे, मांस आणि हस्तिदंत विकायचे, काम वाता लोकांना द्यायचे. तरुण अधिकारी इयन पार्कर तिच्यावर होता. योजना दशक संपायच्या आत बारगळली आणि जमीन गुरांच्या कुरणासाठी भाड्याने गेली. पूर्व आफ्रिकेच्या शिकारीच्या दफ्तरात स्थानिक शिकाऱ्याला परवान्याच्या आतल्या बाजूला घेण्याचा इतका सरळ प्रयत्न दुसरा क्वचितच सापडतो. तो फसला याची नोंद सगळे करतात. तो किती थोड्या पैशांत आणि किती थोड्या वर्षांत यशस्वी व्हावा अशी अपेक्षा होती, याकडे कोणी बघत नाही.

स्वातंत्र्यानंतर केनियात परवाने महागले, क्षेत्रे नेमून देण्याची पद्धत घट्ट झाली, परदेशी गिऱ्हाईक वाढले. आणि हस्तिदंताचा जागतिक भाव चढला तसे परवान्याबाहेरचे मरण परवान्यातल्या मरणाच्या कितीतरी पुढे गेले. 1973 मध्ये केनियात हत्तींची संख्या सुमारे 1,67,000 धरली जाते. त्याच वर्षी हत्तीच्या शिकारीवर बंदी आली. सुळ्यांचा व्यापार मात्र सरकारी परवानग्यांच्या आडून चालूच राहिला; 1975 मध्ये ब्रिटिश नियतकालिकांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाकडे बोट दाखवले. अखेर मे 1977 मध्ये कायदेविषयक सूचना क्रमांक 120 निघाली आणि केनियातली सगळी शिकार बंद झाली. शिकाऱ्यांची संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. 1989 पर्यंत हत्ती 20,000 च्या आत आले होते.

इथून पुढे शिकारीच्या बाजूचे लोक एक आकडा हमखास काढतात, आणि तो खरा आहे. जोसेफ ओगुटू आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1977 नंतर केनियाच्या कुरणांच्या मुलखातले वन्य प्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले. म्हणजे बंदीने प्राणी वाचले नाहीत. पण शेजारच्या टांझानियाचा कागद शेजारी ठेवल्यावर हे वाक्य अपुरे पडते. तिथे 1973 ते 1978 ही वर्षे सोडली तर शिकार चालू होती. रूझवेल्टची सफारी आखून देणाऱ्या सेलूसच्या नावाने तिथे आफ्रिकेतले सगळ्यात मोठे शिकार-राखीव क्षेत्र होते. सेलूस पहिल्या महायुद्धात त्याच मुलखात मारला गेला. 1976 मध्ये या क्षेत्रात सुमारे 1,10,000 हत्ती मोजले गेले. 2013 मध्ये 13,000 च्या आसपास. शिकारीचे उत्पन्न राखीव क्षेत्राकडेच ठेवण्याची तरतूद जोवर होती, तोवर गस्तीच्या गाड्या फिरत होत्या आणि हत्ती सावरतही होते. ती तरतूद 2005 च्या सुमारास ढिली पडली, पैसा दार-एस-सलामच्या सरकारी तिजोरीकडे गेला आणि चोरांना रान मोकळे झाले. 2019 मध्ये या क्षेत्राचा मोठा भाग काढून त्याचे न्येरेरे राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. बंदी घालणाऱ्याचेही प्राणी गेले, शिकार चालवणाऱ्याचेही. दोन्हीकडे निर्णायक गोष्ट एकच दिसते, पैसा कोणाच्या हातात थांबतो.

आजच्या सफारीचे बिल या इतिहासाचेच थर दाखवते. दिवसाचा दर कंपनीचा, प्रत्येक जनावरामागचे शुल्क सरकारचे, क्षेत्राचे भाडे, कातडे-मुंडके तयार करण्याचा आणि जहाजाने पाठवण्याचा खर्च वेगळा. टांझानियात सिंह किंवा हत्ती मारायचा तर किमान 21 दिवसांची सफारी घ्यावी लागते, आणि सिंह सहा वर्षांचा झालेला असावा अशी अट आहे. अट शहाणपणाची आहे. पण सिंह कमी झाले की 21 दिवसांची गिऱ्हाइके कमी होतात, भाडे आणि गस्तीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. गेल्या दशकात टांझानियातली अर्ध्याहून अधिक शिकार-क्षेत्रे कंपन्यांनी सोडून दिली. ती बहुतेक गुरांकडे आणि नांगराकडे सरकतात. शिकार नको म्हणणाऱ्यांनीही हा नकाशा पाहायला हवा, कारण प्रत्येक रिकाम्या क्षेत्रात पर्यटकांची गाडी जात नाही. त्सेत्से माशी, सपाट झुडपी रान, वाईट रस्ते. फोटो काढायला तिथे कोणी येत नाही.

बोट्सवानाने 2014 मध्ये शिकार थांबवली आणि मे 2019 मध्ये पुन्हा उघडली. देशात सुमारे 1,30,000 हत्ती, आणि पिके तुडवली गेलेल्या गावांची मते. 7 फेब्रुवारी 2020 रोजी राजधानी गॅबरोनमध्ये हत्ती मारण्याच्या हक्कांचा लिलाव झाला. दहा-दहा हत्तींचे सात गट मांडले होते. एका गटाला राखीव किंमत मिळाली नाही. बाकी सहा गट, म्हणजे 60 हत्ती, 2 कोटी 57 लाख पुलांना (पुला हे तिथले चलन) गेले. हत्तीमागे सव्वाचार लाख पुलांहून थोडे जास्त, साधारण 39,000 डॉलर. बोली लावायची मुभा देशात नोंदलेल्या कंपन्यांनाच होती, आणि 2 लाख पुला अनामत आधी भरायची होती. काही आठवड्यांत कोविडने सीमा बंद केल्या आणि तो हंगाम गेलाच.

या लिलावाचे कागद वाचताना जाणवते की भाव आता विक्रेत्याच्या हातात राहिलेला नाही. हत्ती मारण्याचा हक्क गॅबरोनमध्ये विकला जातो. त्याचे सुळे घरी नेता येतील की नाही हे दुसरीकडे ठरते. अमेरिकेने 2014 मध्ये टांझानिया आणि झिम्बाब्वेतून हत्तीचे अवशेष आणण्यास मनाई केली, तेव्हा झिम्बाब्वेतल्या कॅम्पफायर योजनेतल्या जिल्हा परिषदांची गिऱ्हाइके गळाली. 1989 पासून गावांना शिकारीच्या उत्पन्नाचा वाटा देणारी ही योजना. मनाई ठरवताना त्या गावांना कोणी विचारले नव्हते. 2015 मध्ये झिम्बाब्वेतल्याच ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाजवळ सेसिल नावाचा सिंह मारला गेला. त्या शिकाऱ्याने सुमारे 50,000 डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या आणि काही दिवसांत मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी सिंह-हत्तींचे अवशेष नेणे बंद केले. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने त्याच वर्षी सिंहाची आयात थांबवली. ब्रिटनमधले बंदीचे विधेयक 2023 मध्ये कॉमन्समध्ये मंजूर होऊन लॉर्ड्समध्ये अडकले; बेल्जियमच्या संसदेने जानेवारी 2024 मध्ये बंदी एकमताने मंजूर केली. जर्मनीत अशीच चर्चा सुरू झाल्यावर बोट्सवानाचे तेव्हाचे अध्यक्ष मोकग्वेत्सी मासिसी यांनी एप्रिल 2024 मध्ये तिथे 20,000 हत्ती पाठवण्याची भाषा केली. लोक हसले, पण त्यांचा राग खोटा नव्हता.

अमेरिकेने त्याच महिन्यात हत्तींविषयीचा नवा नियम प्रसिद्ध केला. निर्यात करणाऱ्या देशाने आपल्या हत्तींची संख्या, कायद्याची अंमलबजावणी आणि मिळणाऱ्या पैशाचा विनियोग यांची माहिती दरवर्षी प्रमाणित करून द्यायची, तरच सुळे अमेरिकेत उतरणार. शिकारीला जाणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांत अमेरिकी सगळ्यात जास्त. त्यामुळे गॅबरोन किंवा हरारे इथल्या अधिकाऱ्याला पुढच्या हंगामाचा भाव बांधण्याआधी वॉशिंग्टनला हा कागद पाठवावा लागतो, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते.